रंग नको, सूचीतला आकडा दाखवा

(आंजर्ले येथे जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही, कर्जाबद्दलही बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते भिंतीवर टांगलेल्या एका कागदाबद्दल. त्या कागदाला नकाशा म्हणतात. तुम्ही म्हणाल, नकाशाचं शेतकऱ्याला काय पडलंय? आम्हालाही पूर्वी तसंच वाटायचं. पण आता सरकारदरबारी कुठलाही प्रश्न निघाला, पावसाचा, नुकसानीचा, जंगलाचा की विम्याचा, तर पहिल्यांदा पुढे येतो तो रंगवलेला नकाशा. साहेब बोट ठेवतात आणि म्हणतात, 'हे बघा, तुमचा भाग हिरव्यात आहे.' सभा गप्प होते. आकड्याशी भांडता येतं, रंगाशी कसं भांडणार?

रंगाशी भांडता येतं. त्यासाठी नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचावी लागते. आणि ती नीट लिहिलेली नसेल तर नीट लिहून मागावी लागते. आज एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. दुसऱ्याची उणीदुणी काढण्याआधी आपली काढावी.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगड जिल्ह्याच्या बाजूच्या आपल्या मंडणगड आणि दापोली तालुक्यांत त्याने काय केलं ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. कड्यावरच्या गणपतीच्या देवळाकडून खाली पाहिलं की जे माड दिसायचे, त्यांतले कितीतरी आडवे झाले. पोफळी मोडल्या, आंब्याची कलमं मुळासकट उपटली, काजू पडले. घराचं छप्पर महिन्याभरात घालता येतं. माड लावला तर नारळ हातात यायला सहा-सात वर्षं जातात.

तेव्हा आम्ही ठरवलं की पंचनाम्याची वाट पाहत बसायचं नाही, आपली मोजणी आपण करायची. वाडीवाडीत फिरून किती झाडं उभी होती आणि किती पडली ते लिहून काढलं. आमच्यातल्या एका शिकलेल्या मुलाने ते आकडे संगणकात घातले आणि झकास नकाशा काढला. चार रंग. सूचीत चार शब्द: 'फार जास्त नुकसान', 'जास्त', 'मध्यम', 'कमी'. आम्ही खूष. नकाशा सभेत टांगला. मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, 'आमच्या आगरात तीन माडांतला एक पडलाय. आणि तुम्ही आमच्या वाडीला हिरवा रंग देऊन खाली लिहिता कमी? उद्या साहेब हाच कागद आमच्यापुढे धरील.'

काकूंचं बरोबर होतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन आकडे पुन्हा मांडले तेव्हा चूक कुठे झाली ते कळलं. आकडे खोटे नव्हते. नकाशाही खोटा नव्हता. खोटी होती ती सूची.

ही गोष्ट समजायला आकडे सोपे करून घेऊ. समजा, बारा वाड्या आहेत. प्रत्येक वाडीत शंभरातली किती झाडं पडली ते लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत मांडलं: ३४, ३५, ३६, ३८, ४१, ४४, ४५, ४६, ६२, ७०, ८५, ९२. आता संगणकाला सांगितलं, 'चार गट कर, प्रत्येक गटात सारख्याच वाड्या घाल.' त्याने रांगेतून तीन-तीन वाड्या मोजल्या आणि चार ढीग केले. पहिल्या तीन वाड्या हिरव्या, शेवटच्या तीन लाल. संख्याशास्त्रात याला चतुर्थक म्हणतात. पाच ढीग केले तर पंचमक, शंभर केले तर शततमक. नावं सोडून द्या. आपण त्याला 'समान संख्येचे गट' म्हणू.

या गटांत काय झालं ते बघा. ३४ टक्के झाडं पडलेली वाडी हिरवी, कारण रांगेत ती पहिली. ४४ टक्केवाली एका रंगात आणि ४५ टक्केवाली दुसऱ्या, जरी दोघींत फरक एकाच झाडाचा. उलट ४६ आणि ६२ एका रंगात, ७० आणि ९२ एका रंगात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पुढेच आहे. २०१५ पासून सरकारी नियम असा की पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर शेतकरी मदतीला पात्र. त्याआधी ही अट ५० टक्क्यांची होती. आमच्या या उदाहरणातल्या बाराच्या बारा वाड्या ३३ च्या वर आहेत! एकही वाडी 'कमी' नाही. तरी नकाशावर तीन वाड्या हिरव्या आणि त्यांच्या कपाळावर शब्द 'कमी'.

'कमी' हा शब्द आला कुठून? तो झाडांच्या मोजणीतून आला नाही. तो रांगेतल्या नंबरातून आला. रांगेत शेवटचा कोणीतरी नेहमीच असतो. सगळी आगरं जमीनदोस्त झाली तरी चार समान गटांच्या नकाशात पाव वाड्या हिरव्याच राहतील. आणि ज्या वर्षी शंभरातली दोन झाडं पडतील त्या वर्षीही पाव वाड्या लालच दिसतील.

हापूसची पेटी बांधणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेटीवर आपण काय लिहितो? चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी. वाशीच्या दलालाला पेटी न उघडताही कळतं की चार डझनीत फळ मोठं, सहा डझनीत लहान. पेटीवर माप असतं. उद्या आपण झाडाखालचे सगळे आंबे रांगेने लावले, चार सारखे ढीग केले आणि पेट्यांवर नुसतं 'उत्तम', 'चांगला', 'बरा', 'हलका' असं लिहून पाठवलं तर दलाल हसेल. तो विचारील, तुमचा उत्तम केवढा? फळ बारीक धरलेल्या वर्षी तुमचा उत्तम म्हणजे मागच्या वर्षीचा हलका असेल. जो प्रश्न दलाल आपल्या पेटीला विचारतो, तो आपण साहेबाच्या नकाशाला कधी विचारला आहे का?

मोजण्याच्या दोन रीती आहेत, त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक रीत ठरलेल्या रेघेची. पैसेवारी ही त्या जातीची. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. पैसेवारी काढताना काय गडबडी होतात त्यावर आपण पुष्कळ भांडलो आहोत, पण रेघ कुठे आहे ते तरी सर्वांना ठाऊक असतं. सगळी गावं पन्नासच्या आत आली तर सगळ्या गावांत टंचाई. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली अनुशेष मोजला तोही असाच: राज्याची सरासरी धरायची आणि जिल्हा तिच्यापासून किती मागे आहे ते रुपयांत काढायचं. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या वर निघाला. त्या पद्धतीवरही वाद झाले, पण 'किती मागे' याचं उत्तर तिच्यात होतं.

दुसरी रीत रांगेची. ती सांगते तुम्ही कितवे. किती मागे ते ती सांगत नाही. समान संख्येच्या गटांचा नकाशा या दुसऱ्या जातीचा. घोटाळा होतो तो रांगेच्या नकाशाला रेघेचे शब्द चिकटवले की.

आता वाड्यांवरून राज्यावर जाऊ. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. पावसाप्रमाणे चार समान गट केले तर एका गटात ९ जिल्हे. सगळ्यांत जास्त पावसाच्या गटात कोकणातले सातही जिल्हे येतील. पण गटाला नऊ हवेत, म्हणून आणखी दोन बाहेरून आणावे लागतील, कोल्हापूरच्या किंवा पूर्व विदर्भाच्या बाजूचे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तिकडे जिल्ह्याची सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी रंग एकच. उद्या त्या रंगावर एखादी योजना बेतली, तर आपल्या कातळावर धो धो पडून एप्रिलात विहीर कोरडी पाडणारा पाऊस आणि तिकडच्या तळ्यांत साठणारा पाऊस एकाच मापाने मोजला जाईल.

आणि हाच खेळ रत्नागिरी जिल्ह्यापुरता केला तर? नऊ तालुके: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. तीन-तीनचे तीन गट. खालच्या तीन तालुक्यांना सूचीत 'कमी पाऊस' लिहिलं जाईल. सोलापूरचा शेतकरी तो नकाशा पाहून कपाळाला हात लावील, कारण आपला 'कमी' त्याच्या वर्षभराच्या पावसाच्या कितीतरी पट असेल. तोच तालुका एका नकाशात 'सर्वांत जास्त' आणि दुसऱ्यात 'कमी'. पाऊस बदलला नाही. रांगेत उभे केलेले लोक बदलले.

आता कोकणात ज्या नकाशाने सर्वांत जास्त धुरळा उडाला त्याकडे येऊ. २०१० साली केंद्र सरकारने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाची समिती नेमली. तिने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. समितीचं म्हणणं बरोबर की चूक हा आजचा विषय नाही, त्यावर आपल्यातही दोन मतं आहेत. आज फक्त तिचा नकाशा कसा तयार झाला ते बघू.

समितीने घाटाचे चौकोन पाडले. एक चौकोन साधारण नऊ किलोमीटर लांब, नऊ किलोमीटर रुंद. म्हणजे सुमारे ८० चौरस किलोमीटर, त्यात किती गावं येतात ते तुम्हीच मोजा. प्रत्येक चौकोनाला पर्यावरणाच्या निकषांवर गुण दिले. मग तीन संवेदनशील क्षेत्रं ठरवली: पहिलं, दुसरं, तिसरं. रेघा ओढताना असं ठरवलं की आधीची अभयारण्यं वगैरे संरक्षित भाग आणि पहिलं क्षेत्र मिळून साधारण ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि तिसरं क्षेत्र साधारण २५ टक्के असावं. पहिल्या क्षेत्रासाठी आणखी एक अट होती: चौकोनाचे गुण संरक्षित भागातल्या सर्वांत कमी गुणांच्या चौकोनाइतके तरी हवेत. आणि हे सगळं प्रत्येक राज्यासाठी वेगवेगळं.

म्हणजे नुसती रांग नव्हती, एक रेघही होती. पण मोठा हात रांगेचा. राज्याराज्याची रांग वेगळी असल्यामुळे तेवढेच गुण असलेला चौकोन एका राज्यात एका क्षेत्रात आणि दुसऱ्या राज्यात दुसऱ्या क्षेत्रात जाऊ शकतो. यात लबाडी नाही. समितीने हा नियम अहवालात उघड लिहिला आहे आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण भावांनो, अहवाल कपाटात राहतो आणि नकाशा गावोगाव फिरतो. नकाशा अहवालापासून सुटला की त्याच्याबरोबर फक्त सूची जाते. सूचीत नुसतं 'क्षेत्र १, क्षेत्र २, क्षेत्र ३' असेल तर वाचणारा काय समजणार? एक म्हणतो, पहिलं म्हणजे सगळं बंद. दुसरा म्हणतो, तिसरं म्हणजे तिथे राखण्यासारखं काही नाही. दोघेही चूक. 'या राज्यातल्या घाटाचा सर्वांत कमी गुणांचा साधारण पाव भाग, गुण इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी एक ओळ सूचीत असती तर भांडण थांबलं नसतं, पण ते खऱ्या मुद्द्यावर झालं असतं.

तिसरं उदाहरण दर उन्हाळ्यातलं. हवामान खातं मान्सूनचा अंदाज देतं, त्याच्याबरोबर नकाशा देतं. त्यातले तीन प्रकार, सामान्यपेक्षा कमी, सामान्य, सामान्यपेक्षा जास्त, हे समान संख्येचे गट आहेत. मागच्या अनेक वर्षांचा पाऊस रांगेने लावला आणि तीन सारखे ढीग केले. खालचा ढीग कमी, मधला सामान्य, वरचा जास्त. म्हणजे काहीही अभ्यास न करता डोळे मिटून सांगितलं, तरी प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. नकाशात तुमच्या भागावर 'जास्त पावसाची शक्यता ४० टक्के' असा रंग असेल तर त्याचा अर्थ धो धो पाऊस येणार असा नाही. तेहतीसचे चाळीस झाले, एवढाच.

पण त्याच खात्याचा पडलेल्या पावसाचा नकाशा घ्या. तिथे सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त सगळं 'सामान्य'. २० ते ५९ टक्के कमी असेल तर तूट, ६० च्या पुढे मोठी तूट. आणि सबंध देशाच्या हंगामाचा अंदाज सांगताना दीर्घ सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सामान्य'. एकच शब्द, तीन अर्थ. वर्तमानपत्रात छापून येतं 'पाऊस सामान्य', आणि शेतकरी भाताचं बी भिजत घालतो. खात्याने व्याख्या लपवलेल्या नाहीत. पण नकाशाखाली त्या छापल्या जात नाहीत तोवर त्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

मग समान संख्येचे गट टाकून द्यायचे का? आम्ही तसं म्हणत नाही. माडाची पाचशे रोपं आली आणि वाड्या बारा, तर आधी कुठे द्यायची ते ठरवायला रांगच लागते. एकदोन आकडे फार मोठे असले, म्हणजे एका वाडीत ९२ आणि बाकी सगळ्या तीस-चाळीसच्या घरात, तर साध्या सारख्या अंतराच्या गटांत एक वाडी लाल आणि बाकी सगळा नकाशा एकरंगी होतो. तिथे समान गट बारीक फरक उघडे करतात. कोयता वाईट नसतो, पण कोयत्याने दाढी करू नये.

आमचं मागणं सूचीपुरतं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पुढच्या सहा गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात.

१. रंगापुढे आकडा हवा. 'कमी' नको, '३४ ते ३६ टक्के' हवं. गटातला खरा लहानात लहान आणि खरा मोठ्यात मोठा आकडा.

२. गटात किती ते हवं. '१२ पैकी ३ वाड्या'. ३६ जिल्ह्यांचे पाच गट सारखे होतच नाहीत, चार गटांत सात-सात आणि एकात आठ येतात. तसं असेल तर तसं लिहावं.

३. गट कसे पाडले ते एका ओळीत हवं: 'वाड्या नुकसानीप्रमाणे रांगेने लावून समान संख्येचे चार गट'. आणि रांग कोणाची तेही: तालुक्याची, जिल्ह्याची की राज्याची.

४. एकच आकडा दोन रंगांत नको. '३० ते ४०' आणि '४० ते ५०' असं लिहिलं तर चाळीसवाल्याने जायचं कुठे? दोन वाड्यांचा आकडा सारखा असेल तर दोघी एकाच गटात ठेवाव्या. मग एका गटात चार आणि दुसऱ्यात दोन झाल्या तरी चालेल.

५. मदतीची किंवा नियमाची ठरलेली रेघ असेल तर ती सूचीत दिसलीच पाहिजे. '३३ टक्क्यांच्या खाली: एकही वाडी नाही.' रिकामा गटसुद्धा छापावा. कधी कधी तोच सगळ्यांत मोठं बोलतो.

६. मोजमाप कशाचं, कोणत्या वर्षाचं, कोणी केलं ते हवं. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर दोन्हींना एकाच रेघा हव्यात. रेघा बदलल्या की वर्षावर्षाची तुलना संपली.

आम्ही आमचा नकाशा या सहा कलमांप्रमाणे पुन्हा काढला. आज उदाहरणाला घेतलेल्या बारा वाड्यांवरच सांगायचं तर सूची अशी होते: '३३ टक्क्यांखाली, वाडी नाही. ३३ ते ५० टक्के, ८ वाड्या. ५१ ते ७५ टक्के, २ वाड्या. ७६ टक्क्यांच्या वर, २ वाड्या.' आकडे तेच, पण हिरवा रंग नाहीसा झाला. पुढच्या सभेत त्याच काकू उठल्या, सूचीवर बोट ठेवून आपल्या वाडीचा आकडा स्वतः वाचला आणि म्हणाल्या, 'आता बोला.'

या प्रकरणातून आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. पहिला नकाशा टांगला त्या रात्री वाडीवाडीत कुजबुज सुरू झाली होती. लालवाल्यांना वाटलं मदत आपल्याला, हिरव्यावाल्यांना वाटलं लालवाल्यांनी आकडे फुगवले. सगळ्यांचंच आगर पडलेलं, आणि भांडण मात्र शेजाऱ्याशी. रांगेचा नकाशा हे हमखास करतो, कारण एक जण वर जायचा तर दुसऱ्याला खाली ढकलावंच लागतं. रेघेच्या नकाशात तसं नाही. तिथे सगळी वाडी एकत्र उभी राहून म्हणू शकते, 'आम्ही सगळे तेहतीसच्या वर आहोत.' शेतकऱ्याला शेतकऱ्यापासून तोडायला लाठी लागत नाही, चार रंगांच्या पेन्सिली आणि मोघम शब्दांची सूची पुरते.

तेव्हा पुढच्या वेळी पंचायतीत, तहसीलदाराच्या कचेरीत किंवा सभेत कोणी नकाशा टांगला तर रंग पाहून मान डोलावू नका आणि रागावूही नका. उठा, जवळ जा, कोपरा वाचा. आकडा नसेल तर अदबीने विचारा, 'साहेब, तुमचा कमी म्हणजे किती? आणि कोणापेक्षा?' उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि नकाशा आपण काढलेला असेल तर हा प्रश्न दुसऱ्याने विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या भागाबद्दलचा एक सरकारी नकाशा बरोबर आणावा, कुठल्याही विषयाचा. एकत्र बसून त्यांच्या सूच्या वाचू. ज्यात आकडे नाहीत त्या त्या कार्यालयाला पत्र लिहून आकडे मागू. पत्राचा खर्च पोस्टाच्या तिकिटाचा, पण रंगावरून ठरलेला एखादा निर्णय त्याने आकड्यावर येईल.